उकार तेवढा दिसला

आमच्या बेळगावच्या शाळेत शिरताना उजव्या हाताला, व्हरांड्याच्या पहिल्या खांबापाशी, एक काळा फळा टांगलेला आहे. रोज प्रार्थनेपूर्वी त्यावर सुविचार लिहिला जातो. तो कोणी शिक्षक लिहीत नाहीत, विद्यार्थीही लिहीत नाहीत. तो लिहितात आमचे शिपाईमामा. ओल्या फडक्याने फळा पुसावयाचा, तो वाळेपर्यंत घंटेकडे एक फेरी मारून यावयाची, आणि मग खडू तिरपा धरून एकेक अक्षर असे उतरावयाचे की पाहणाऱ्याने दप्तर खाली ठेवून उभे राहावे. शिरोरेषा ते शब्द पुरा झाल्यावर एकदाच ओढतात. असे अक्षर आमच्यांपैकी एकाच्याही वहीत सापडणार नाही, हे येथेच कबूल केलेले बरे.

मामा या वर्षअखेर निवृत्त होणार. अशातच एका माजी विद्यार्थ्याने शाळेस एक मोठा पडदा भेट दिला, आणि संगणकाच्या बाईंनी आम्हां चौघांना बोलावून सांगितले, की पुढील वर्षापासून सुविचार या पडद्यावर दिसावा. आज्ञावली तुम्ही लिहा. आम्ही हुरळून गेलो. मामांचे काम आपण काढून घेत आहो की काय, हा विचार त्या दिवशी तरी आम्हांस शिवला नाही. तो नंतर आला, आणि आला तो चांगलाच बोचत राहिला.

संगणकाच्या खिडकीत नुसती एक ओळ दाखवावयाची असती, तर काम पाच मिनिटांचे होते. आम्ही जावा ही भाषा शिकतो. तिच्यात १९९८ सालापासून स्विंग नावाचा एक साठा आहे. त्यात बटणे, पाट्या, याद्या असे तयार घटक मिळतात. परंतु तयार पाटीवर ओळ एकदम उमटते. आम्हांस हवा होता लाकडी चौकटीचा हिरवट फळा, आणि त्यावर मामांच्या खडूने लिहावे तशी एकेक करून येणारी अक्षरे. असा घटक आयता मिळत नाही. तो स्वतः रेखाटावा लागतो. तयार घटकाचा वारसा घ्यावयाचा, आणि ‘तू स्वतःला कसा काढशील’ हे सांगणारा भाग तेवढा आपण नव्याने लिहावयाचा, अशी त्याची रीत आहे. ऐकावयास ती फारच सोपी वाटते.

पहिल्या दिवशी खिडकी उघडली; फळा नव्हता. राखी रंगाची मोकळी खिडकी, आणि वरच्या कडेशी मधोमध एक बारीक ठिपका. आमच्यांपैकी एकाने तो धूळ समजून रुमालाने पुसला. तो पुसला जाईना, तेव्हा दुसऱ्याने रुमाल ओला करून आणला. (यावर हसणाऱ्या वाचकांनी एकदा हा उद्योग स्वतः करून पाहावा.) शेवटी बाईंच्या सांगण्यावरून आम्ही फळ्याचा रंग हिरव्याचा भडक लाल केला, आणि काय आश्चर्य, ठिपकाही लाल झाला! तो ठिपका हाच आमचा फळा होता. खिडकीत घटकांची मांडणी करणारी यंत्रणा प्रत्येकाला विचारते, ‘तुला जागा किती हवी?’ आमच्या फळ्याने याचे उत्तर कधी दिलेच नव्हते. तेव्हा रिकाम्या घटकास मिळते तेवढी, म्हणजे दहा बिंदू रुंद व दहा बिंदू उंच, एवढीच जागा त्याच्या वाट्यास आली. मापे सांगितली, आणि फळा तत्काळ अंग पसरून बसला. रंग भडक करून पाहण्याची ही युक्ती त्यानंतर आम्ही इतक्यांदा वापरली, की आमच्या संगणकावर रोज रंगपंचमीच चालली आहे असे इतर मुले म्हणू लागली.

आता अक्षरे. ‘आजचा सुविचार’ हे शब्द फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून, म्हणजे आडवे शून्य व उभे शून्य या ठिकाणी, काढावेत असा आदेश आम्ही लिहिला. फळा उघडला, तो त्याच्या वरच्या कडेला माशाच्या गळासारखा एक आकडा लोंबत होता. बाकी काही नाही. शब्द बदलून ‘पुणे, मुंबई’ असे लिहिले. दोन आकडे दिसले. ‘नागपूर’ लिहिले, एकच, पण उलट्या वळणाचा. मोठ्या उत्साहाने आपल्या ‘बेळगाव’चे नाव घातले, तर फळा कोरा! त्या दुपारी भूगोलाच्या पुस्तकातील गावे एकामागून एक फळ्यावर घालून पाहिली. साताऱ्याने काही दिले नाही, इंदूरने एक आकडा दिला. तेव्हा एकीच्या ध्यानात आले, की हे आकडे म्हणजे उकार होत. अक्षरे काढली जातच होती. पण ती फळ्याच्या वर, चौकटीबाहेर, जेथे काहीच दिसत नाही अशा जागी. त्यांचे पायाखालचे उकार तेवढे आत उतरले होते.

याचे कारण शोधताना एक गोष्ट कळली, आणि आम्ही आपल्या वह्यांकडे नव्याने पाहू लागलो. आपण देवनागरी लिहितो ती रेघेखाली. अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, दोरीवर धुणे वाळत घालावे तसे. परंतु संगणकाच्या हिशेबी ओळ ही रोमन लिपीच्या सवयीची: अक्षर रेघेवर उभे राहते. तेव्हा ‘उभे शून्य’ या आदेशाने रेघ फळ्याच्या माथ्याशी आली, आणि अक्षरे बिचारी माथ्यावर चढून बसली. जो टंक आपण वापरतो त्याच्या अक्षरांची रेघेवरची उंची आधी विचारून घ्यावी, आणि तेवढे खाली उतरून मग लिहावे, हा उपाय. एका ओळीचे काम. आम्हांस त्यास दोन दिवस लागले.

दुसऱ्या दिवसाचा सुविचार पहिल्याच्या अंगावरच उमटला, तो दोष मात्र फार वेळ टिकला नाही. नवे काढण्यापूर्वी जुने पुसण्याचे काम मूळ घटक करीत असतो. आम्ही त्याचा रेखाटनाचा भाग बदलताना त्याला पुसण्यास सांगण्याचे विसरलो होतो. रोज सकाळी मामांचे ओले फडके पाहूनही हे सुचू नये!

मग चाचणीचा शनिवार उजाडला. मुख्याध्यापिका आल्या, बाई आल्या, नववीचा अख्खा वर्ग दाराशी गोळा झाला. आम्ही ‘सुरू’चे बटण दाबले. बटण दाबलेले ते दाबलेलेच राहिले. फळा कोरा. खिडकी हलवावी तर हलेना, बंद करावी तर होईना. मुख्याध्यापिका किंचित् हसून म्हणाल्या, “सुविचार मौनात आहे वाटते,” आणि त्या तासावर निघून गेल्या. त्या दारातून बाहेर पडल्या आणि संपूर्ण ओळ एकदम फळ्यावर प्रकट झाली! आमचे असे हसे यापूर्वी झाले नव्हते.

चूक अशी होती. एक अक्षर वाढवावे, ‘आता पुन्हा काढ’ असे सांगावे, थोडे थांबावे, की पुढचे अक्षर, असा क्रम आम्ही लिहिला होता. वाचताना तो निर्दोष वाटतो. परंतु स्विंगमध्ये बटणे ऐकणे आणि चित्र काढणे ही दोन्ही कामे एकच कारभारी करतो. त्याच्यापुढे कामांची रांग असते. एक संपले की तो दुसरे हाती घेतो. बटणाच्या कामातच आम्ही त्याला थांबवून ठेवले होते. ‘पुन्हा काढ’ हा निरोप रांगेत पडत होता, आणि तो वाचावयाचा ज्याने, तोच आमच्या हुकुमाने झोपा काढीत होता. सारे संपल्यावर साचलेल्या निरोपांचा त्याने एकच निरोप केला आणि शेवटचे चित्र तेवढे काढले. थांबण्याचे काम त्याच्याकडे न देता निराळ्या घड्याळाकडे द्यावे, आणि त्या घड्याळाने ठराविक वेळाने त्याला नुसते टोकावे, असा बदल केला. अक्षरे एकेक करून येऊ लागली.

आणि तेव्हाच कळले, की या दोषाआड आणखी एक दोष इतके दिवस सुखाने लपून बसला होता.

मामा घंटा देऊन येता येता दाराशी उभे राहिले होते. फळ्यावर ‘क्षितिज’ हा शब्द येत होता. आधी ‘क’ आला. मग ‘क्’, पाय मोडलेला. मग त्याचा ‘क्ष’ झाला. मग वेलांटी आली ती अक्षराच्या पुढ्यात घुसली, आणि ‘क्ष’ दचकून उजवीकडे सरकला. पुढे ‘त’चीही तीच गत. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, “अक्षर अर्धं टाकून हात उचलायचा नसतो की रे.”

आम्ही गप्प राहिलो. पण चुकीचे निदान त्यांच्या त्या वाक्यात संपूर्ण होते. युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत आपल्या लिपीच्या वाट्यास १२८ जागा आल्या आहेत. ‘क्षितिज’ आपल्या डोळ्यांस तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या पोटात ती सात चिन्हे असतात: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. वेलांटी उच्चारात मागून येते म्हणून साठवणीतही मागून; डोळ्यांपुढे मात्र ती आधी उभी. आम्ही चिन्हे मोजत होतो, मामा अक्षरे. मग आम्ही नियम लिहिला: पुढचे चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्त असेल तर थांबावयाचे नाही, मागचे चिन्ह हलन्त असेल तरीही नाही. ‘श्री’ची चार चिन्हे आता एका दमात आली.

मामांना आम्ही मुद्दाम बोलावून आणले. जुन्या सुविचारांची एक यादी संगणकात होती, ती लावली. त्यांनी चष्मा पुसून दहा-बारा ओळी पाहिल्या आणि एके ठिकाणी बोट ठेवले. ‘दुसऱ्याच्या’ या शब्दात ‘ऱ्या’ची ती आडवी पापणी आधी एकटी येऊन लोंबकळत होती, आणि ‘या’ मागाहून धावत येत होता. गंमत अशी, की आम्ही स्वतः टाइप केलेल्या ओळींत असे होत नव्हते! दोन्ही शब्द शेजारी ठेवले, तिळमात्र फरक दिसेना. अखेर प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून पाहिला. आमच्या शब्दात ०९३१, ०९४डी, ०९२एफ; जुन्यात ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ. हे २००डी म्हणजे डोळ्यांस न दिसणारे जोडचिन्ह. ‘ऱ्य’ लिहिण्याच्या दोन वाटा आहेत, एकीत ते मध्ये बसते; आणि आमच्या नियमास त्याच्या मागचा हलन्त दिसत नव्हता. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या, हा भेद आपली भाषा या एवढ्याशा पापणीवर तोलते. तेव्हा दुरुस्ती करावयाची नाही असा प्रश्नच नव्हता. नियमात त्या अदृश्य चिन्हाचे नाव घातले.

“रेघ मात्र आधी येते तुमची,” मामा म्हणाले. हे खरे होते. संगणकात शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आधीच जडलेली असते. शब्द पुरा झाल्यावर ती एका हाताने ओढावयाची सोय आम्हांस अद्याप करता आलेली नाही. तसे आम्ही त्यांस सांगितले. मग धीर करून एकीने विचारले, “मामा, तुमचा फळा गेला म्हणून वाईट वाटतं का हो?”

मामा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. “फळा तिथंच हाय की. जून महिन्यात कोणीतरी पुसायला पाहिजे त्याला, एवढं बघा,” ते म्हणाले. मग पुन्हा पडद्याकडे वळून, “आणि हे लई घाईत लिहितंय. जरा सावकाश करा.”

आमच्या घड्याळात दोन अक्षरांमधील अंतर ३०० सहस्रांश सेकंदांचे होते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी आम्ही चौघे खांबाआड उभे राहून त्यांचे लिहिणे मोजून पाहिले, आणि तासाला जाण्यापूर्वी तो आकडा ७०० केला.