नावाचे रकाने

धार-देवासच्या मराठी कुटुंबांची परिचय-पुस्तिका मोबाइलवर आणायचे काम माझ्याकडे आले. एक्सेलची फाइल तयार होती. नावाचा रकाना एकच. त्यात आडनाव, नाव, मग वडिलांचे किंवा यजमानांचे नाव. "तासाभराचं काम," असे मी सांगून टाकले.

फाइल फोनमध्ये घेतली आणि सगळ्यांचे आडनाव 'नाव' झाले, वडील 'आडनाव' झाले. ज्यांच्या आधी 'सौ.' होते, त्या सगळ्या 'स'खाली जमल्या.

संपर्क एका फोनमधून दुसऱ्यात नेणारा व्हीकार्ड हा साचा नावाचे पाच भाग मानतो: आडनाव, नाव, मधले नाव, आधीची उपाधी आणि नंतरची. दाखवायचे पूर्ण नाव वेगळे. हे शहाणपणाचे आहे. देवासचे कुमार गंधर्व दाखवायचे तसेच दाखवावेत. पण आडनावाच्या रकान्यात 'गंधर्व' नव्हे, कोमकळी हवे. धारच्या किल्ल्यात जन्मलेला दुसरा बाजीराव आणि त्याचे आजोबा यांचे नाव एकच. बल्लाळ की रघुनाथ, हे पाहिले की घोळ मिटतो. म्हणून मधले नाव गाळू नये.

माझी आत्या मात्र कुठेच बसेना. वय ऐंशीच्या पुढे. पुस्तिकेत 'सौ.' आणि पुढे सासरचे नाव, तेही लग्नात बदललेले. मागच्या वर्षी तिची धारची बालमैत्रीण गेली. मैत्रिणीच्या मुलीला आत्याचे माहेरचे नावच ठाऊक होते. तिने पुस्तिका दोनदा चाळली. निरोप पोचला तो तेराव्यानंतर. आत्या एवढेच म्हणाली, "मी इथेच तर होते की रे."

काही फोनमध्ये माहेरच्या नावाचा रकाना असतो, पण दुसऱ्या फोनमध्ये जाताना तो गळतो. टोपणनावाचा रकाना मूळ साच्यातच आहे. मी तपासलेल्या फोनांत तो शोधातही सापडतो. म्हणून माहेरचे पूर्ण नाव मी तिथे ठेवले. 'सौ.', 'श्री.' उपाधीत गेले.

तासाभराचे काम तीन महिने चालले, कारण माहेरची नावे कुठेच लिहिलेली नव्हती. घरोघरी फोन करून विचारावी लागली. दोन घरांत मुलांना आईचे पहिले नाव आईलाच विचारावे लागले.

अजून बरेच फॉर्म यायचे आहेत. आपल्या घरचा भरताना तो रकाना कोरा सोडू नका. आजी घरात असेल तर तिलाच विचारा.