दोन दरांच्या मधली माणसं

सावंतवाडी तालुक्यातलं इन्सुली हे गाव बहुतेकांना वर्तमानपत्रातल्या एका ठरावीक बातमीमुळे माहीत असतं: गोवा बनावटीची दारू जप्त, वाहनासह लाखोंचा मुद्देमाल ताब्यात, चालकाला अटक. अप्रत्यक्ष करांचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय. ही बातमी वाचताना माझं लक्ष त्या चालकावर खिळतं. दारू कुणाची होती, हे बहुधा छापलेलं नसतं.

इन्सुलीच्या नाक्यावर गाड्यांची तपासणी कशी होते, हे मी जवळून पाहिलं आहे. टेम्पो रिकामा दिसतो. उत्पादन शुल्क खात्याचा जवान हौद्याची लांबी आतून आणि बाहेरून टेपने मोजतो. आतलं माप भलतंच कमी भरतं. मग पत्रा ठोकून बघतात, स्क्रू काढतात, आणि दोन पत्र्यांच्या मध्ये एकावर एक रचलेली खोकी दिसतात. चोरकप्प्याचं वेल्डिंग इतकं सफाईदार असतं, की हे हात एखाद्या कारखान्यात असायला हवे होते असं वाटून जीव हळहळतो.

गोव्यातली स्वस्त दारू इकडे आणण्यामागचा दरातल्या तफावतीचा खेळ या सीमेवर फार जुना आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचं मीठ स्वस्त. ते चोरवाटांनी घाटावर चढे. त्यावर 26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगालने करार केला. सरहद्दीवरची जकात उठली. बदल्यात गोव्यातल्या मिठागरांवर ब्रिटिशांचं नियंत्रण आलं आणि पोर्तुगिजांना त्यापोटी वर्षाला 4 लाख रुपये ठरले. अबकारीची पद्धतही ब्रिटिश मुलखासारखी झाली. माल मोकळा झाला, पण माडाच्या आणि मिठाच्या धंद्यावर जगणाऱ्या घरांना कराची झळ लागली. याच करारातून मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे आली. गोंयकार आधीही मुंबईला जात होते. जमीन, शिक्षण, नोकरी अशी कारणं अनेक होती. पण घरचा धंदा बसत असताना आगगाडी दाराशी येणं, या योगाला मी फार महत्त्व देतो. मुंबईत धोबीतलावचे कूड, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक राहण्याच्या जागा, अशाच माणसांनी भरले. जानेवारी 1892मध्ये करार संपला आणि नाके परत उभे राहिले.

पुढे 1950च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा तिथे चहा सिलोनहून आणि बटाटे हॉलंडहून येऊ लागले. भारतात आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी घड्याळं आणि मद्य उलट्या दिशेने गुपचूप इकडे येत. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला आणि ती आंतरराष्ट्रीय सरहद्द मिटली. दारूवरचं शुल्क मात्र ज्या त्या राज्याच्या हाती राहिलं, आणि 1 जुलै 2017ला जीएसटी आल्यावरही पिण्याचं मद्य त्याबाहेरच आहे. पेट्रोलही अजून बाहेर आहे. एप्रिल 2012मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला आणि लिटरमागे सुमारे 11 रुपये उतरले. सिंधुदुर्गातल्या गाड्या टाकी भरायला पलीकडे गेल्या नसत्या तरच नवल!

बांद्यातला एक दुकानदार मला म्हणाला, “गिराईक हयसर येता, भाव इचारता आणि थय जाता.” गिऱ्हाइकामागून त्याचा मुलगाही गेला, पेडण्याला नोकरीला. सावंतवाडी, दोडामार्गातून रोज सकाळी अशी कितीतरी मुलं दुचाकीवरून गोव्यात कामाला जातात. ज्यांना धड नोकरी मिळत नाही, ज्यांच्या गाडीचे हप्ते थकलेले असतात, त्यांच्यापैकीच एखाद्याला कुणीतरी ‘एक खेप मार’ म्हणून गाठतं.

नाक्याने चोरटा व्यापार थांबत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नाका फक्त जोखमीची किंमत ठरवतो, आणि ती किंमत मोजतो तो चालक. दोन्ही राज्यांनी एकत्र बसून शुल्कातली दरी कमी करायला हवी. तिजोरीचं नुकसान होईल म्हणून हे टाळणं मला मान्य नाही. तोवर निदान एवढं तरी व्हावं: जप्तीच्या आकड्यांशेजारी, शिक्षेपर्यंत किती चालक पोहोचले आणि किती मालक, हेही खात्याने दरवर्षी जाहीर करावं. सिंधुदुर्गच्या आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत विचारावा, आणि मतदारांनी तो त्यांना विचारायला लावावा.