एक सेकंद म्हणजे एक दिवस



आंबा पिकायला लागला की दरवर्षी मी फळमाशीवर लिहितो. यंदा ती माशी पडद्यावर कशी दिसली, ते सांगतो.

माझी पुतणी कृषी पदवीला आहे. सेमिनारला तिचा विषय होता हापूसवरची फळमाशी. बाकी मुलं पॉवरपॉइंटवर करतात, हिने स्लाइड कोडने लिहिल्या. रिव्हील जेएस नावाचं फुकट साधन आहे. साध्या फाइलीत मजकूर टाइप करायचा, कुठलं चित्र कुठे ते लिहायचं आणि फाइल क्रोममध्ये उघडायची. लागोपाठच्या दोन स्लाइडवर तीच माशी वेगवेगळ्या जागी ठेवली, की मधला प्रवास आपोआप दिसतो. एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की नेट लागत नाही. आपल्याकडे रेंजचा भरवसा नाही, तेव्हा हे बरं. गणिताचे व्हिडिओ करणारे ग्रँट सँडरसन यांनी लिहिलेलं मॅनिमही फुकट आहे, पण त्याला पायथन यावं लागतं.

मी दहावी पास. कोड मला वाचता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. तक्त्यावर अंडं, अळी, कोष, माशी अशी चार चित्रं आणि चार बाण काढले की काम झालं. चारही बाण सारखेच. कोडला तसं चालत नाही. किती वेळात, ते आकड्यात सांगावं लागतं. म्हणून पुतणी पुस्तकं घेऊन बसली, मला विचारून गेली, सरांना विचारलं. मग ठरवलं, एक सेकंद म्हणजे एक दिवस. अंडं २ सेकंद, अळी ८, कोष १०. हवामानाप्रमाणे हे दिवस कमीजास्त होतात, पण तेवढा आकडा बदलला की पुढचं सगळं बदलतं.

एप्रिलमध्ये तिने हेच गावच्या शाळेत दाखवलं. पोरं होती, मागे आम्ही बागायतदार. माशीने सालीखाली अंडी घातली, अळी गर खात गेली, फळ गळून पडलं, अळी मातीत शिरली. आणि पडदा थांबला. नुसती जमीन. मागून कोणीतरी म्हणालं, "अडकलं काय गो?" ती म्हणाली, "नाय काका, कोष जमिनीत आहे." ते १० सेकंद फार लांब वाटले. मग मातीतून एक नाही, बऱ्याच माशा वर आल्या.

पुढच्या स्लाइडवर विद्यापीठाचा रक्षक सापळा. निळे नर त्याच्याकडे गेले, लाल माद्या फळांवरच राहिल्या. मिथाइल युजेनॉलला नरच येतात, हे मी कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी शेजारच्या बागवाल्याने स्वतःहून विचारलं, "मग पडलेल्या आंब्यांचं काय करायचं?"

ज्या मुलांना असं करायचं असेल त्यांना सांगतो. अक्षरं गरगर फिरवू नका. शेतात जे हलतं तेच पडद्यावर हलवा, आणि जे थांबतं ते थांबू द्या. मराठी अक्षरं त्या लॅपटॉपवर नीट दिसतात का, ते आदल्या दिवशी बघा. पीडीएफ जवळ ठेवा, त्यात हालचाल येत नाही पण अडचणीला उपयोगी पडते. कृषी खात्यातल्या मंडळींना विनंती, फोटो पाठवता तशी फाइलही पाठवा. म्हणजे देवगडवाला आपल्याकडचे दिवस घालून बघेल.

आणि बागायतदारांनो, पडलेला आंबा रोज उचला. खोल खड्ड्यात पुरा, वर माती चांगली दाबा. शेजाऱ्यालाही सांगा, कारण माशी गडगा बघून थांबत नाही. फाइल हवी असेल तर कळवा, पुतणीला पाठवायला सांगतो.