दुर्बीण कोणती न्यावी?

एव्हरशाईन सिटीतल्या एखाद्या उंच गच्चीवरून पूर्वेला नजर टाकली, की तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात. शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने लगाम घातला. २००३ साली या रानाचे अभयारण्यही झाले. आता तिथे न्यायची ती दुर्बीण. पण कोणती?

आमच्या घरात यावरून दोन तट पडले. चिरंजिवांना हवी १० बाय ४२. वडील आपली जुनी ७ बाय ५० सोडीनात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्याला पहिल्याने भागले, की डोळ्यात उतरणाऱ्या झोताची रुंदी मिळते. वडिलांच्या दुर्बिणीचा झोत ७ मिलिमीटरांचा. पण उतारवयात बाहुली तेवढी उघडतच नाही. उजेड वाया, ओझे मात्र गळ्यात! दहापटीची तर हाताचा कंपही दहापट करते. चढून धापा टाकणाऱ्याला हळद्या कसला दिसतोय, फांदी तेवढी नाचताना दिसते!

शेवटी ८ बाय ४२ वर समेट झाला. तिचा पाच मिलिमीटरांचा झोत झाडीतल्या अंधूक सकाळीही पुरतो. वडिलांना चष्मा, म्हणून डोळ्याकडच्या कडा खाली बसवता येतात ना, हे आधी पाहून घेतले. तिपाईवरची मोठी एकनळी वसईच्या मिठागरांवर झकास; तिथे पक्षी दूर आणि चालणे थोडे. डोंगरात तिला वाहणार कोण?

पहिल्याच फेरीत स्वर्गीय नर्तक हेरला तो वडिलांनीच. चिरंजीव अजून फांदी शोधत होते.