'मेरी रोझ'वरील हत्यारे

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून सुटलेली आगगाडी पोर्ट्समथ हार्बरला येऊन थांबते आणि गोदीच्या दरवाजाशीच 'वॉरिअर' या लोखंडी युद्धनौकेच्या डोलकाठ्या प्रवाशाचे स्वागत करतात. परंतु मला ओढ होती ती आठव्या हेन्रीच्या 'मेरी रोझ' या लाकडी नौकेची, जी १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी सामना चालू असता राजाच्या डोळ्यांदेखत सॉलंटच्या पाण्यात बुडाली आणि १९८२ साली वर काढली गेली. उजव्या कुशीवर कलंडल्यामुळे तेवढाच भाग गाळात रुतून टिकला. उघडी राहिलेली डावी बाजू समुद्राने कुरतडून नाहीशी केली.

सांगाड्यासमोर मी फार वेळ रेंगाळलो नाही. माझे पाय खिळले ते सुताराच्या कोठडीतील जिनसांपाशी. रंधे आहेत, पण त्यांत पाते नाही. गिरमिटाची लाकडी मूठ आहे, पण भोक पाडणारे टोक नाही. कारण खाऱ्या पाण्याने लोखंड गंजवून खाल्ले आणि गाळाने लाकूड मात्र जपले, त्यामुळे लोहाराची करामत लुप्त होऊन सुताराच्या तळहातास परिचित असलेला भागच काय तो शेष राहिला आहे. शस्त्रवैद्याच्या पेटीचीही हीच गत: कथिलाची पिचकारी व मलमाच्या बरण्या शाबूत, तर वस्तऱ्यांच्या नुसत्या मुठी. त्या मानाने पितळी कड्यांत टांगलेले होकायंत्र भाग्यवान म्हणायचे. नौका कितीही डोलली तरी सुई समतल राहावी, ही योजना त्या कड्यांकडे पाहताच उमगते. सुताराच्या कोठडीपाशी एका लहानशा कुत्र्याचाही सांगाडा सापडला, ज्याच्याकडे उंदरांचा बंदोबस्त सोपवलेला असावा.

१५४६ साली राजाला सादर झालेल्या 'अँथनी रोल' या आरमारी दफ्तरात, नौका बुडून वर्ष उलटले असतानाही, तिच्या तोफांचा तपशीलवार दाखला आहे, आणि माणसांची नोंद म्हणाल तर शिपाई १८५, खलाशी २००, गोलंदाज ३०. सुतार आणि वैद्य यांना त्यात स्वतंत्र रकाना नाही. या गोलंदाजांच्या बत्ती देण्याच्या काठ्यांचे उपयुक्तत्व एवढेच की तोफ डागताना हात तिच्यापासून दूर राहावा. तरीही कोणी टोकाशी आवळलेली मूठ कोरली आहे, कोणी मगरीचा जबडा, आणि या नक्षीचा खर्च कोणत्याही सरकारी कोठाराने मंजूर केला असेल असे मला तरी वाटत नाही.