छप्पन्नावा दिवस

मी पदार्थविज्ञानाची संशोधक आहे; पशुवैद्यकाशी माझा व्यवसायाने काही संबंध नाही. तरीही आज कुत्र्याच्या पिल्लांच्या रक्ततपासणीविषयी लिहीत आहे, कारण या विषयातील माझ्या अज्ञानाची किंमत एका आठ वर्षांच्या मुलीला मोजावी लागली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बंगळुरूमधील आमच्या संस्थेच्या आवारात, वसतिगृहामागे सायकली ठेवण्याच्या जागेत एक भटकी कुत्री व्याली. पाच पिल्ले झाली. आम्ही काही सहकाऱ्यांनी त्यांना घरे मिळवून द्यायचे ठरवले. पंचेचाळिसाव्या दिवशी लशीचा पहिला डोस दिला. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. आम्ही विकत नव्हतो, तरी तो दंडक पाळला आणि छप्पन्नाव्या दिवशी लसीकरणाच्या कार्डासह पिल्ले नव्या घरी पाठवली. त्यांतले एक तांबूस पिल्लू माझ्या एका बंगाली सहकाऱ्याकडे गेले. नवव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. बाराव्या दिवशी ते गेले. निदान पार्व्होचे होते. उरलेली चारही पिल्ले वाचली.

भेटायला गेले तेव्हा त्या मुलीने मला विचारले, "आँटी, तुम्ही दिलं तेव्हाच ते आजारी होतं का?" मी तत्काळ "नाही" म्हणाले. वास्तविक मला ते ठाऊक नव्हते. मोजमापाशिवाय विधान करू नये, असे विद्यार्थ्यांना बजावणारी मी, कसलेही मोजमाप न करता उत्तर देऊन मोकळी झाले होते.

त्यानंतर मी वाचू लागले. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्होचा विषाणू आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते चौदा दिवस जातात. म्हणजे आमच्या पिल्लाला विषाणू आमच्या आवारात भेटला, वाटेत भेटला की नव्या घराच्या अंगणात, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण खरा प्रश्न निराळा होता: लस देऊनही त्याला संरक्षण का मिळाले नाही?

याचे उत्तर वाचताना मला माझ्याच विषयातले एक जुने समीकरण भेटले. पिल्लाला जन्मतः स्वतःची प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती मुख्यतः पहिल्या दिवसाच्या चिकातून आईकडून येतात. पुढे ती किरणोत्सारी द्रव्याप्रमाणे घटत जातात. पार्व्होच्या बाबतीत त्यांचे अर्धायुष्य सुमारे दहा दिवसांचे असते. रक्तातील द्रव किती पट पातळ करूनही विषाणूला अडवू शकतो, यावरून प्रतिपिंडांचे प्रमाण ठरते. समजा, हा आकडा सुरुवातीला १२८० आहे. चाळिसाव्या दिवशी तो ८० वर येईल; त्याखाली खऱ्या विषाणूपासून संरक्षणाचा भरवसा उरत नाही. परंतु आकडा २० च्या आसपास येईपर्यंत तीच प्रतिपिंडे लशीतील दुबळ्या विषाणूला मात्र निष्प्रभ करू शकतात. २० ला पोहोचायला साठावा दिवस उजाडतो. या मधल्या वीस दिवसांत पिल्लाला आईचे संरक्षण नसते आणि लसही लागू पडेल याची खात्री नसते.

आमचा पंचेचाळिसावा आणि छप्पन्नावा, दोन्ही दिवस या उदाहरणातील खिंडीत येतात. सुरुवातीचा आकडा ३२० असता, तर हीच खिंड विसाव्या ते चाळिसाव्या दिवसांत आली असती. आईच्या रक्तात किती प्रतिपिंडे होती आणि कोणत्या पिल्लाला किती चीक मिळाला, यावर सारे अवलंबून. एकाच आईची पाच पिल्ले पाच वेगवेगळ्या घड्याळांवर चाललेली असतात. कायद्याचे घड्याळ मात्र एकच आहे.

म्हणूनच लशीचे डोस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावेत, असे पशुवैद्यक सांगतात. पूर्वीच्या डोसांनी कमावलेली ताकद वाढवावी, एवढाच या पुनरावृत्तीचा हेतू नसतो. प्रत्येक पिल्लाची खिंड कधी संपते हे ठाऊक नसल्याने आपण पुन्हा पुन्हा दार ठोठावत असतो.

गेल्या हिवाळ्यात आवारातली दुसरी एक कुत्री व्याली. पिल्ले चार. या वेळी मी पशुवैद्य बाईंना रक्ततपासणीची विनंती केली. दवाखान्यातच होणाऱ्या या चाचणीत रक्ताच्या काही थेंबांतून पार्व्हो आणि डिस्टेंपर यांची प्रतिपिंडे पाहता येतात. ठिपका जितका गडद, तितके प्रमाण अधिक. डिस्टेंपर म्हणजे २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत सापडलेला तोच विषाणू. त्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले होते. पिल्लांचे आरोग्य ही केवळ घरगुती बाब नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांनी, पुन्हा छप्पन्नाव्या दिवशीच, रक्त घेतले. तीन पिल्लांचे पार्व्होचे ठिपके गडद उमटले. चौथीचा उमटलाच नाही. मी आनंदाने म्हणाले, "म्हणजे तिघं सुरक्षित!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ही प्रतिपिंडं आईची की त्यांची स्वतःची, हे तुम्हाला या ठिपक्यावरून कळतं का?"

मी ओशाळले. एका बिंदूतून रेषा काढता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको होते. आकडा चढतो आहे की उतरतो आहे, हे जाणायचे तर दुसरे मोजमाप हवे. चौघांनाही त्याच दिवशी दुसरा डोस दिला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. पहिल्या वेळी कोरी राहिलेली चौथी आता सर्वांत गडद होती. 'सुरक्षित' तिघांपैकी दोघांचे ठिपके टिकून होते. तिसऱ्याचा मात्र स्पष्टपणे फिकटला होता. त्याच्या रक्तात होते ते आईचे देणे, आणि ते संपत आले होते. पहिल्याच अहवालावर विसंबून त्याला निर्धास्तपणे पाठवले असते, तर मी तीच चूक दुसऱ्यांदा केली असती, आणि या वेळी हातात अहवाल घेऊन.

हे तीन आठवडे फुकट मिळाले नव्हते. साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाच्या घडणीचा असतो. माणसे, आवाज, घर यांची ओळख त्याला तेव्हाच व्हावी लागते. त्याला कोंडून ठेवणे हाही अपायच. म्हणून आम्ही पाळीपाळीने त्यांना कडेवर घेऊन आवारात हिंडलो. चाचणीचा खर्च लशीच्या डोसाहून जास्त आला. एका कुटुंबाने "तपासण्या चालल्या आहेत म्हणजे पिल्लू आजारी असणार" असे म्हणून नकार कळवला. प्रामाणिकपणे सांगितल्याचा हा तोटा असतो. तो सोसावा, असे मला आता वाटते.

आपण पिल्लू आणणार असाल, तर आईचे लसीकरण झाले होते का, डोस नेमक्या कोणत्या तारखांना दिले, हे विचारा. सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंतचे डोस चुकवू नका. शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी रक्त तपासले, तर दिसणारी प्रतिपिंडे बहुधा त्याची स्वतःचीच असतात. तेव्हाच्या ठिपक्यावर विश्वास ठेवता येतो.

त्या सहकाऱ्याची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. चौथे पिल्लू पाहायला ती आली होती. "हिला काही होणार नाही ना?" तिने विचारले. मी तिला दोन्ही तारखांचे ठिपके दाखवले आणि म्हणाले, "शक्यता फार कमी आहे. शून्य आहे, असं मी म्हणणार नाही." मग तीन वर्षे राहिलेले उत्तरही दिले: "तुझ्या पिल्लाचं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी 'नाही' म्हणायला नको होतं."

ती काही बोलली नाही. बराच वेळ पिल्लाला मांडीवर घेऊन बसून राहिली.