तिसरं पेडल

आमच्या जुन्या लान्सरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निर्मलच्या घाटात घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी सरकत नाही. नव्या बॉक्सचा भाव ऐकून दीर म्हणाले, "वहिनी, मॅन्युअलच करून टाकू." त्यांना आतून आनंदच, अशी गाडी हातानं गिअर टाकूनच चालवावी, हे त्यांचं कायमचं म्हणणं. पण गाडी चालवते मी, आणि मला क्लच येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

म्हणून नागपूरच्या गॅरेजात मी स्वतः गेले. नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही, बाई! टॉर्क कन्व्हर्टर काढायचा, तिथं फ्लायव्हील आणि क्लच प्लेट बसवायची. मग पेडलं, क्लचचे सिलिंडर, गिअरचा दांडा. वायरिंग वेगळंच दुखणं: गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथली जोडणी बदलावी लागते. सगळं एकाच भंगार गाडीतून मिळालं तर ठीक, सुटं घ्यायला गेलात की पर्स रिकामी. आणि मूळ बनावटीत फेरफार करण्यावर 2019 साली सुप्रीम कोर्टानं बोट ठेवलंय; आरटीओत आणि विमावाल्यांना आधी विचारा. आम्ही लेखी विचारलं.

अट माझी एकच: गाडी तयार व्हायच्या आत मला शिकवायचं. इचोड्यात, दिरांच्या मारुतीवर, भर दुपारी. दहादा बंद पडली. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पाय हळू सोड गं, दूध उतू जातंय का?"

आता आदिलाबादहून निघाले की 44 नंबरच्या रस्त्यानं दिवस मावळायच्या आत ताटावर असते.